बाहेरचा धर्मगुरू आणि गावचं घुमट

वसई स्टेशनवरून रेल्वे मागे टाकून समुद्राकडे निघालं की पापडी, गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल अशी गावं लागतात. केळीच्या वाड्या, फुलांचे मळे, वाटेवर क्रूस. इथला ख्रिस्ती समाज सोळाव्या शतकापासूनचा. शेती त्याची, बोली त्याची, लग्नातली गाणी त्याची. पण वेदीवरून बोलणारा माणूस मात्र फार काळ बाहेरचा होता. पोर्तुगीज गेले, मग मुंबईहून, परदेशातून धर्मगुरू येत राहिले. आता दिवस स्थानिक धर्मगुरूंचे आहेत, तरी तीन-चार दिवसांची शिबिरं घ्यायला बाहेरचे प्रचारक येतातच. त्यांच्या येण्याने गावचं काय होतं, यावर घरोघरी वाद आहे. तो मी इथे दोघांच्या तोंडी घातला आहे. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, आयुष्यभर वसईतच राहिलेले. भाची मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, प्रार्थनागटात जाते आणि तिचं सासर श्रीरामपूरकडचं, नगर जिल्ह्यातलं आहे. अशी माणसं मला वसईत अनेक भेटली. हे दोघे त्यांच्यातूनच उभे केले आहेत.

मामा : बाय, परवाच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला बाया निघाल्याच नाहीत. वाजवायचं घुमट भिंतीवर टांगलेलं ते तसंच राहिलं. मी नवऱ्याच्या आईला विचारलं, तर म्हणाली, शिबिरात प्रचारकांनी सांगितलंय, विहिरीवर जाणं म्हणजे मूर्तिपूजा. अगं, विहिरीला कोण पूजतं? बाया वाजतगाजत जातात, पाणी भरतात, त्या पाण्याने नवऱ्याला नि नवरीला आंघोळ घालतात. आपल्या आज्यांनी रोझरीही म्हटली आणि ते पाणीही आणलं. तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाने एका वाक्यात ते बंद केलं.

भाची : त्याच लग्नात दारूही नव्हती, मामा. ते तुमच्या लक्षात आलं का? नवऱ्याचा बाप दहा वर्षांपूर्वी संध्याकाळी शुद्धीत नसायचा. गावाने काय केलं होतं त्याच्यासाठी? सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे गप्प होते. एका शिबिरात बाहेरच्या माणसाने त्याला समोर बसवलं, तो रडला, त्याने सोडली. त्याची बायको त्या प्रचारकाचं ऐकते, कारण तिचं घर त्या माणसाने वाचवलंय. तुमचं घुमट तिला वाचवायला आलं नव्हतं.

मामा : दारू सुटली याचा मला आनंद आहे. पण दारू सोडवायला विहीर कशाला सोडवायची? हे दोन्ही एका पोत्यात भरायचा अधिकार त्याला कुणी दिला?

मामांच्या या प्रश्नाला लांबचा इतिहास आहे. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचं न्यायालय होतं. त्याने १७३६ साली काढलेल्या फर्मानात नव्या ख्रिस्त्यांनी लग्नकार्यात काय करू नये याची यादीच दिली होती. लग्नातली गाणी, हळद, विडे, फुलं, अंगावरचे कपडेसुद्धा त्यात येत. त्याआधी १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीजच वापरावी असा हुकूम काढलाच होता. धर्म काय आणि घरची रीत काय हे ठरवणारा माणूस त्या घरात कधी राहिला नव्हता.

भाची : आणि ते हुकूम निघाले तेव्हा रोमचं म्हणणं काय होतं? तुम्हीच शिकवलं होतं ना. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार विभागाने आशियात निघालेल्या मिशनऱ्यांना लेखी बजावलं होतं की लोकांच्या चालीरीती धर्माच्या किंवा नीतीच्या थेट विरोधात नसतील तर त्यांना हात लावू नका, युरोप उचलून तिथे नेऊ नका. म्हणजे बाहेरच्यांपैकीच काहींना हे कळत होतं. आणि फादर स्टीफन्स? इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेला माणूस. तिथल्या साष्टीत लोकांत राहिला, भाषा शिकला आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून दिलं. सुमारे ११,००० ओव्या, मामा! आपल्या कुठल्या गावच्या ख्रिस्ती माणसाने तेव्हा एवढं मराठी लिहिलं? बाहेरच्याने लिहिलं.

मामा : स्टीफन्सला मी बाहेरचा म्हणत नाही. चाळीस वर्षं राहिला आणि १६१९ साली गोव्यातच मेला. जो या मातीतच मिळाला तो बाहेरचा कसा? आणि पुराणच का लिहिलं त्याने? लोकांनी मागितलं म्हणून. जुनी पुराणं काढून घेतलीत, आता आम्हाला वाचायला काय, असं लोक त्याला विचारत होते. लोकांचं ऐकून घेतल्यावर हातून काय होतं ते बघ. गावात कान देऊन राहणारा आणि गावाला शिकवून निघून जाणारा, असे दोन प्रकारचे लोक आहेत. माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

भाची : मग ते बाहेरच्याशी भांडण नाही, घाईत असणाऱ्याशी आहे.

मामा : घाई म्हण. मी त्याला वस्तीचा प्रश्न म्हणतो. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. युरोपीय पाद्री निघून गेले आणि मागे उरलेल्या भाविकांचा भार इथल्याच धर्मगुरूंवर आला. राज्य बदललं, आश्रय गेला, धर्म का टिकला? संध्याकाळची प्रार्थना घरात होत होती म्हणून. वाटेवरच्या क्रूसाजवळ बाया जमत होत्या म्हणून. लग्नात, बारशात, मरणात काय करायचं ते गावाला पाठ होतं म्हणून. बाहेरून कुणी सांगायला नव्हतं, तेव्हा या रीतींनी श्रद्धा सांभाळली. आज त्यांनाच अंधश्रद्धा म्हणतात.

भाचीने याला लगेच उत्तर दिलं नाही. तिने दुसराच प्रश्न विचारला, आणि या साऱ्या वादात मला तो सर्वांत अवघड वाटतो.

भाची : मामा, तुम्ही 'गावाची रीत' म्हणता तेव्हा तुम्हाला वसईची वाडी दिसते. जमीन, विहीर, केळी. माझ्या सासूला काय दिसतं, सांगू? तिच्या आजेसासऱ्यांचं घर गावात नव्हतं, गावाबाहेर होतं. मेलेली ढोरं ओढणं ही त्यांची रीत होती. गावाच्या विहिरीवर पाणी भरायचं नाही ही रीत होती. तुम्ही उंबराच्या पाण्यासाठी वाजतगाजत विहिरीवर जाता. त्यांना विहिरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. पुढच्या काळात महार-मांग समाजातले कितीतरी लोक त्या बाहेरच्या माणसांकडे गेले. त्या माणसांना मराठी मोडकंतोडकं येत असेल, पण त्यांनी शाळेत शेजारी बसवलं. त्या घरांना तुम्ही कुठली संस्कृती सांभाळा म्हणून सांगाल?

मामा : ती मी सांभाळा म्हणणार नाही. ती मोडायलाच हवी होती.

भाची : मोडली कुणी? बाहेरच्याने. गावातल्याने मोडली नसती. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? कुपारी, वाडवळ, कोळी, सगळे ख्रिस्ती, एकाच मिस्सेला जाणारे. तरी पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आपापल्यातच होत आल्या. लग्नगीतं वेगळी, साडी नेसायची पद्धत वेगळी, कारण एकमेकांत लग्न नाही. तुम्ही ज्याला वैविध्य म्हणता त्याच्या मुळाशी जात आहे, मामा. बाहेरून येणाऱ्या प्रचारकाला आपली जात माहीतही नसते. प्रार्थनागटात कोळणीशेजारी कुपारीण बसते, एकमेकींच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. माझ्या लहानपणी मी हे पाहिलं नव्हतं.

मामा : तू हे बोललीस ते बरं झालं. माझ्याकडे याला पुरतं उत्तर नाही. पण नगरचंच पुढचं सांगतो. त्या लोकांना मिशनऱ्यांनी शाळा दिली, माणूसपण दिलं, आणि उपासनेला विलायती चालींवर बसवलेली गीतं दिली. ओढूनताणून केलेलं मराठी. मग नारायण वामन टिळक आले. रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेला चित्पावन ब्राह्मण, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला, कवी. त्या समाजाला तोही बाहेरचाच. पण त्याने ओळखलं की या माणसांच्या कानात अभंग आहे, ओवी आहे, कीर्तन आहे. त्याने भजनं रचली, कीर्तनं केली. आज 'उपासना संगीत' उघड, पानोपानी टिळक भेटतात. तुझी सासू कोणती गाणी गाते?

भाची : टिळकांचीच. पेटी, झांज आणि ढोलकीवर.

मामा : आणि आता तिच्या गावात येणारे प्रचारक?

भाची : कीबोर्ड आणतात. हिंदीत गातात.

मामा : मग?

भाची : सासूला ते आवडत नाही. पोरांना आवडतं.

इथे मला मामांच्या बाजूने एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण ती सहसा कुणी बोलत नाही. बाहेरचा प्रभाव नेहमी परदेशी नसतो आणि नेहमी रीतींच्या विरोधातही नसतो. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, लॅटिन मिस्सा जाऊन लोकांच्या भाषेतली मिस्सा आली. वसईच्या म्हाताऱ्यांना वेदीवरचा शब्द पहिल्यांदा कळू लागला. हे फार मोठं देणं होतं. मग १९६९ साली भारतातल्या उपासनेसाठी बारा बदलांना रोमची मान्यता मिळाली. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती, जमिनीवर बसणं. हेतू चांगला होता, भारतीय ख्रिस्त्याने भारतीयासारखी प्रार्थना करावी असा. पण ती भारतीयता ठरली परिषदांत आणि प्रशिक्षण केंद्रांत. तिच्यात समई होती, घुमट नव्हतं. संस्कृत मंत्र होते, कादोडी बोलीतलं गाणं नव्हतं. गावातल्या बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की माझी भारतीयता माझ्या लाल लुगड्यात आहे, ऑक्टोबरात चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेलेल्या नव्या भाताच्या लोंब्यांत आहे. तिला कुणी विचारलं नाही. पुष्कळ गावांत आरतीलाच विरोध झाला, हे हिंदू आहे म्हणून. बाहेरून आलेलं 'आपलं'ही लोकांना परकं वाटू शकतं.

भाची : हे खरं आहे. पण वसईतल्या माणसांनी स्वतः काही केलंच नाही असं नाही ना? १९९८ साली वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि पहिले बिशप आपल्या भुईगावचे, थॉमस डाबरे. तुकारामांवर डॉक्टरेट केलेला बिशप! फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्यातलेच. 'सुवार्ता' मासिक चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. घरचा माणूस वेदीवर उभा राहिला की काय होतं ते आपण पाहिलंय.

मामा : म्हणूनच तर सांगतो. दिब्रिटो बिल्डरांच्या विरोधात आणि हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे त्यांच्यामागे गेले. का? वाडी गेली म्हणजे काय गेलं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाणथळ, विहिरी, केळीची बाग हे त्यांच्यासाठी धर्माबाहेरचं नव्हतं. बाहेरून आलेला प्रचारक आत्म्याबद्दल बोलतो, उत्तम बोलतो. पण विहिरीचं पाणी मचूळ का झालं, हे तो कधी बोलतो?

भाची : सगळेच तसे नसतात. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट हर्मन बाखर नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत पाण्याबद्दलच बोलले. पाणलोटाचं काम उभं केलं, गावकऱ्यांना श्रमदानाला लावलं. अनेक दशकं राहिले, लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. धर्म कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही.

मामा : पुन्हा तेच. राहिले.

भाची : राहिले, मान्य. पण मामा, राहूनही गावाला मागे ठेवणारे धर्मगुरू तुम्हाला आठवतात का? आयुष्यभर एकाच ठिकाणी राहून फक्त जमीनदार घरांच्या ओट्यावर चहा घेणारे? आणि दुसरं, दोष सगळा पाहुण्याचा कसा? त्या लग्नात उंबराचं पाणी बंद झालं ते केवळ प्रचारक बोलला म्हणून? घुमट वाजवणारी दोनच माणसं उरली आहेत, एक सत्तरीचा. गाणी येणाऱ्या बाया आता आजारी. मुलींना इंग्रजी शाळेत घातलं, त्यांना गाणी कुणी शिकवली नाहीत. हॉल भाड्याने घेतला, तिथून विहीर लांब. घरच्यांना ते नकोच होतं. प्रचारकाचं वाक्य त्यांना सोयीचं पडलं. 'फादरांनी सांगितलं' म्हटलं की म्हाताऱ्यांशी वाद घालावा लागत नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या मते भाचीने इथे नेमकं बोट ठेवलं आहे. बाहेरच्या माणसाचा अधिकार मोठा होतो तो पुष्कळदा आपण स्वतःचा निर्णय त्याच्या हाती देतो म्हणून. घरातल्या भांडणाला त्याच्या शब्दाचं वजन लागतं. नको असलेली रीत टाकायची तर त्याचा आधार, हवी असलेली राखायची तरी त्याची परवानगी. आपलं आपण ठरवण्याची सवयच मोडते.

मामा : बाय, मग तू काय करशील? तुझ्या मुलीच्या लग्नात?

भाची : मी बायांना विहिरीवर नेईन. पण कोळीवाड्यातल्या बायांनाही बोलावेन, त्यांनी त्यांची गाणी म्हणावीत. आणि दारू ठेवणार नाही. प्रचारकांनी सांगितलं म्हणून नाही, मी रुग्णालयात यकृत सुजलेले बाप पाहते म्हणून.

मामा : आणि प्रचारक म्हणाला, विहिरीवर जाऊ नका?

भाची : तर त्याला बरोबर घेऊन जाईन. गाण्याचा अर्थ सांगेन. ऐकल्यावरही तो नको म्हणाला, तर त्याचं म्हणणं मी विचारात घेईन, पण ठरवेन मी. मामा, एक मात्र तुम्हीही करायचं. ती दोन गाणी ज्यांत दुसऱ्या समाजाच्या मुलीची टिंगल आहे, ती तुम्ही शिकवायची नाहीत.

मामा : ती नाही शिकवणार.

भाची : आणि घुमट पोरींनाही शिकवायचं.

मामा : पोरींना? आजवर पुरुषच वाजवत आले.

भाची : तीही रीतच ना. कुणी बाहेरून येऊन बदलायच्या आत आपणच बदलू.

या वादात मी तटस्थ नाही. काय टाकायचं आणि काय राखायचं हे ठरवण्याचा हक्क गावाचा, या मुद्द्यावर मी मामांबरोबर आहे. ज्याला परिणाम भोगायला गावात राहायचं नाही, त्याचा शब्द सल्ला म्हणून ऐकावा, हुकूम म्हणून नाही. मग तो लॅटिनमध्ये येवो, हिंदीत येवो, नाहीतर यूट्यूबवरून येवो. पण 'गाव' म्हणजे कोण, या मुद्द्यावर मी भाचीबरोबर आहे. विहिरीवर जाता न आलेल्या माणसाला ज्यात जागा नाही, त्या संस्कृतीचं रक्षण मला करायचं नाही. बाहेरच्या धर्मगुरूंनी महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला दिलेलं सगळ्यांत मोठं देणं समतेचं आहे आणि त्यांनी केलेलं सगळ्यांत मोठं नुकसान लाजेचं आहे. स्वतःच्या आजीच्या गाण्याची लाज, बोलीची लाज, लुगड्याची लाज. पहिलं जपावं, दुसरं झटकावं.

धर्मग्रामांच्या पाळकीय मंडळांना माझी विनंती आहे. शिबिरासाठी बाहेरून वक्ता बोलावाल तेव्हा शिबिर सुरू होण्याआधी एक संध्याकाळ त्याला गावात ठेवा. लग्नगीतं येणाऱ्या बायांसमोर, वाडीत राबणाऱ्यांसमोर आणि ज्यांची घरं गावाच्या कडेला आहेत त्यांच्यासमोर बसवा. त्याला बोलू देऊ नका, ऐकू द्या. व्यासपीठावरून एखादी रीत चूक ठरवायची असेल तर आधी मंडळात त्यावर चर्चा होईल, असा साधा नियम करा. वयस्क बायांच्या तोंडची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, गाणाऱ्यांची नावं आणि गावं लिहून ठेवा. आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलामुलींना घुमट शिकवायला त्या सत्तरीच्या वादकाला मानधन देऊन बोलवा. नाताळनंतर लग्नसराई सुरू होते. त्याआधी वर्ग सुरू झाला पाहिजे.